घानाला जावे की न जावे : एका निवृत्त दाम्पत्याच्या प्रश्नाचे उत्तर

सांगलीच्या एका निवृत्त दाम्पत्याने विचारलेल्या प्रश्नाचा आशय असा आहे. पतीचे वय ६६, पत्नीचे ६१. मुलगा दोन वर्षांपासून घानातील टेमा येथे नोकरीस असून त्याने दोघांना डिसेंबरअखेर पंधरा दिवसांसाठी बोलावले आहे. दोघेही शाकाहारी. नातेवाइकांचे म्हणणे असे, की एवढा खर्च करायचाच तर केनियाला जाऊन सिंह तरी पाहावेत, पश्चिम आफ्रिकेत रोगराई आणि लुटालूट यांखेरीज आहे काय? दुसरीकडे एका सहल कंपनीने घाना, टोगो, बेनिन आणि आयव्हरी कोस्ट असे चार देश बारा दिवसांत दाखवण्याचा कार्यक्रम सुचवला आहे. जावे का, आणि गेल्यास कसे?

मी कोकणातल्या काजू कारखान्यांसाठी कच्च्या काजूची खरेदी करतो आणि त्या निमित्ताने अठरा वर्षे दर हंगामात घानाच्या वेंची आणि टेचिमान भागांत मुक्काम करीत आलो आहे. आपल्याकडे ‘कोकणचा काजू’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गरांतला बराचसा माल पश्चिम आफ्रिकेतून कच्चा येऊन येथे फोडला जातो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. गेल्या काही वर्षांत ओळखीच्या मंडळींच्या छोट्या गटांची घानाची सहल मी आखून देतो. उत्तर या दोन्ही अनुभवांवरून देत आहे.

निष्कर्ष आधीच सांगतो. जावे, परंतु फक्त घानाला जावे, डिसेंबर टाळून जावे, आणि विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी एका लसीचा निर्णय डॉक्टरांकडून करून घ्यावा. फायद्या-तोट्याचा बाकी सगळा हिशेब त्यानंतर.

ती लस पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची. घानात प्रवेश करताना तिचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र, ते पिवळे पुस्तक, दाखवावे लागते आणि परतताना आपलेच सरकार ते मागते. भारतात हा आजार नाही, पण तो पसरवू शकणारा एडिस डास आपल्या घरोघरी आहे, म्हणून प्रमाणपत्राविना अशा देशातून आलेल्या प्रवाशाला उतरल्या ठिकाणी सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस फक्त सरकारमान्य केंद्रांत मिळते, घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध होते, आणि २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी ग्राह्य धरले जाते. येथवर सगळे सोपे आहे. अडचण अशी, की ही दुर्बल केलेल्या जिवंत विषाणूची लस आहे आणि साठी ओलांडल्यावर ती पहिल्यांदाच घेणाऱ्यांमध्ये गंभीर दुष्परिणामांचा धोका तरुणांपेक्षा अधिक असतो. एकूण प्रमाण अगदी अल्प आहे, परंतु आपण उभयता नेमके त्याच वयोगटात मोडता. अंड्याची तीव्र ॲलर्जी, थायमस ग्रंथीचा जुना विकार किंवा प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता त्यांना सांगावे. डॉक्टर ‘नको’ म्हणाले तर वैद्यकीय सवलतीचे पत्र मिळू शकते, पण ते मानणे न मानणे विमानतळावरच्या अधिकाऱ्याच्या हाती असते आणि घानात डास चावण्याचा धोका पत्राने कमी होत नाही. तशा स्थितीत माझा सल्ला स्पष्ट आहे, की आपण न जाता मुलालाच सांगलीला बोलवावे.

लसीचा प्रश्न सुटला, की तोट्याच्या बाजूला सर्वांत मोठी नोंद मलेरियाची. घानात तो बारा महिने आणि बहुतेक सर्वत्र आहे, त्यातही बहुतांश जीवघेण्या फाल्सिपेरम जातीचा. ‘आम्ही लहानपणापासून डासांतच वाढलो’ हे आपले लाडके वाक्य तेथे उपयोगाचे नाही. मीही ते पुष्कळ वर्षे म्हणत असे. तिसऱ्या की चौथ्या हंगामात प्रतिबंधक गोळ्या अर्धवट सोडल्या, घरी परतल्यावर बाराव्या दिवशी ताप आला आणि ‘साधा व्हायरल असेल’ म्हणून मी तो तीन दिवस अंगावर काढला. चौथ्या दिवशी गावातल्या दवाखान्यात नेले तेव्हा माझ्या शुद्धीचा भरवसा नव्हता आणि मी कोठून आलो हे डॉक्टरांना सांगण्याचे घरच्यांच्या ध्यानात आले नाही. एक दिवस त्यात वाया गेला. चूक सर्वस्वी माझी होती. म्हणून गोळ्या कोणत्या हे डॉक्टरांनी ठरवावे, परंतु त्या परतल्यानंतरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्याव्यात आणि पुढचे तीन महिने कोणताही ताप आला, की पहिले वाक्य ‘मी घानाहून आलो आहे’ हेच असावे. मच्छरदाणी आणि संध्याकाळनंतर लांब बाह्यांचे कपडे हे आपल्याला शिकवायला नकोत.

आता जमेची बाजू, आणि ती मला मनापासून मोठी वाटते.

घानाच्या किनाऱ्यावर एल्मिना नावाचे मासेमारी करणारे गाव आहे. तेथे पोर्तुगिजांनी १४८२ साली किल्ला बांधला, त्यासाठी घडवलेले दगड पोर्तुगालहून जहाजांत घालून आणले. वास्को द गामा कालिकतला पोहोचला १४९८ साली आणि गोवा पोर्तुगिजांनी घेतला १५१० साली. म्हणजे आपण वसई, कोर्लई किंवा आग्वादचे तट पाहतो तेव्हा ज्या सागरी साम्राज्याची पुढची प्रकरणे वाचत असतो, त्याचे एक सुरुवातीचे पान एल्मिनाला आहे. चिमाजी अप्पांनी वसई घेतली त्याच्या शंभर वर्षे आधी, १६३७ साली, डच लोकांनी एल्मिना पोर्तुगिजांकडून जिंकून घेतले. आधी सोन्याचा असलेला व्यापार पुढे माणसांचा झाला. अंगणात पोर्तुगिजांचे जुने प्रार्थनागृह आहे, त्याचा वापर डच लोक लिलावघर म्हणून करीत. स्त्रियांच्या कोठड्यांसमोरच्या चौकावर एक सज्जा आहे. तेथे उभा राहून गव्हर्नर खालच्या स्त्रियांतून एकीला निवडत असे, हे मार्गदर्शक अगदी सपाट आवाजात सांगतो.

तेथून थोड्याच अंतरावर केप कोस्टचा किल्ला आहे, ब्रिटिशांचा. त्यात पुरुषांचे तळघर पाहावे लागते. ‘लागते’ म्हणतो, कारण ते पाहण्याची इच्छा होत नाही. उताराच्या वाटेने आत शिरले, की डोळे सरावायला वेळ लागतो. छताजवळ एक-दोन झरोके, भिंतीवर बोटभर उंचीची एक खूण आणि पायाखाली काळपट, गुळगुळीत जमीन. ही जमीन दगडाची नाही. शेकडो माणसे महिनोन् महिने कोंडल्यावर साचलेला मळ, रक्त आणि घाण यांचा घट्ट थर खोदून काढला तेव्हा खालची मूळ फरशी दिसली, त्या थराचा थोडा भाग तसाच ठेवला आहे. याच तळघराच्या डोक्यावर ब्रिटिशांचे चर्च होते. शेवटी समुद्राकडे उघडणारे दार येते, त्यावर ‘न परतीचे दार’ अशी पाटी आहे. बाहेर पडले, की रंगीत होड्या, जाळी दुरुस्त करणारी माणसे आणि पोरांचा गलका! मागे वळून पाहिले तर त्याच दारावर बाहेरच्या बाजूने ‘परतीचे दार’ असे लिहिलेले दिसते. १९९८ साली गुलामांच्या दोन वंशजांचे अवशेष अमेरिका खंडातून आणून याच दाराने समुद्राकडून आत नेले गेले.

येथे आपला संबंध ‘युरोपियनांनी आफ्रिकनांचे वाईट केले’ एवढ्यावर संपत नाही. गुलामांच्या बदल्यात किनाऱ्यावर जो माल उतरे, त्यात भारतीय सुती कापडाचा वाटा मोठा होता. गुजरात आणि कोरोमंडल किनाऱ्यावर विणलेले कापड युरोपमार्गे ‘गिनी कापड’ म्हणून येथे खपत असे. चलन म्हणून मालदीवच्या कवड्या हिंदी महासागरातून जहाजे भरभरून येत. घानाच्या आजच्या चलनाचे नाव सेडी, तेही तेथल्या अकान भाषेतल्या कवडीवाचक शब्दावरून आले आहे. आपण ‘फुटकी कवडी’ म्हणतो ती कवडी त्या काळी माणसाची किंमत मोजत होती, हे एल्मिनाच्या चौकात उभे राहून आठवले तर त्या भेटीचा अर्थ निराळा होतो. एक स्पष्टीकरण जाता जाता करायला हवे. जंजिऱ्याचे सिद्दी आणि मलिक अंबर यांचा संदर्भ देऊन ‘हे आपल्याकडेही आलेच होते’ असे पुष्कळ जण तेथे बोलतात. ती माणसे आफ्रिकेच्या पूर्व बाजूची, मलिक अंबर इथिओपियाचा. पश्चिम किनाऱ्याची कहाणी अटलांटिकपारची आहे, दोन्हींची सरमिसळ करू नये.

दुसरे मोठे आकर्षण कुमासी, असांते राज्याची राजधानी. तेथे आजही राजा आहे. ओतुम्फुओ ओसेई तुतू द्वितीय १९९९ पासून गादीवर आहेत आणि दर सहा आठवड्यांनी रविवारी येणाऱ्या आक्वासिदाए या सणाला मान्हिया राजवाड्यात दरबार भरतो. आपल्या तारखा त्या रविवारी जुळवता आल्यास अवश्य जुळवाव्यात. छत्र्या, ढोल, खांद्यावरून घेतलेली केन्ते वस्त्रे आणि सरदारांच्या अंगावरचे सोने पाहून एखाद्या जुन्या संस्थानचा दसरा आठवतो. १८७४ साली ब्रिटिशांनी कुमासी लुटले आणि नेलेल्या सोन्याच्या वस्तूंपैकी काही २०२४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयाने आणि ब्रिटिश म्युझियमने मान्हियाच्या संग्रहालयाला तीन वर्षांच्या बोलीने उसन्या दिल्या. आपण सांगलीकर, साताऱ्याला वाघनखे पाहून आला असालच. तीही त्याच व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयातून, त्याच वर्षी, तीन वर्षांच्याच बोलीने आली. आपलीच वस्तू आपल्याला उसनी मिळणे म्हणजे काय, हे कुमासीच्या माणसाला आपल्याला समजावून सांगावे लागत नाही.

कुमासीजवळच बोसुम्त्वी सरोवर आहे. ते उल्कापाताने झालेल्या विवरात साठलेले आहे, आपल्या लोणारसारखे, परंतु लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि बोसुम्त्वीचे सुमारे साडेदहा. लोणारच्या काठावर देवळे आहेत, येथे सरोवरच पवित्र मानतात. परंपरेने पाण्याला लोखंड लावायचे नसे, म्हणून कोळी नेहमीची होडी न वापरता एका जाड लाकडी फळीवर पालथे पडून, हातांनी पाणी मागे सारत जाळ्यापर्यंत जातात. तिला ते ‘पादुआ’ म्हणतात. मी एकदा हौसेने तीवर बसून पाहिले आणि पाच हातांवर पाण्यात पडलो, काठावरच्या बायका पुढे दोन दिवस मला पाहून हसत होत्या.

मुलाच्या टेमापासून साधारण दीड तासावर आकोसोम्बो धरण आहे. १९६५ साली ते पुरे झाले आणि त्यामागे साठलेले व्होल्टा सरोवर सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचे, म्हणजे जवळजवळ अख्ख्या सांगली जिल्ह्याएवढे आहे. त्यासाठी सुमारे ८०,००० माणसे उठवली गेली. कोयनेच्या धरणग्रस्तांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना नावेतून जाताना ती गोष्ट विसरता येणार नाही.

नातेवाइकांच्या सिंहांविषयी त्यांचे म्हणणे बरोबर आहे, एवढेच सांगतो. प्राण्यांसाठी केनिया किंवा टांझानियाच गाठावे. घानाच्या उत्तरेस मोले अभयारण्यात हत्ती चांगले दिसतात, पण त्यासाठी तामालेपर्यंत विमान आणि पुढे गाडीचा प्रवास करावा लागतो. किनाऱ्याजवळच्या काकुम जंगलात झाडांच्या शेंड्यांवरून जाणारे सात झुलते पूल आहेत, जमिनीपासून सुमारे ४० मीटरपर्यंत उंच. पुलांवरून जंगल पाहायला मिळते, जनावर क्वचितच. सफारी म्हणून घाना विकणाऱ्याकडून काही घेऊ नये.

लुटालुटीची भीती मला आपल्या लोकांत वाजवीपेक्षा जास्त आढळते. १९५७ साली स्वतंत्र झालेल्या या देशात १९९२ पासून निवडणुकांनी सरकारे बदलत आली आहेत, हरलेला पक्ष सत्ता सोडतो, आणि राज्यकारभाराची भाषा इंग्रजी असल्याने आपल्याला दुभाष्या लागत नाही. शेजारच्या फ्रेंचभाषक देशांत ही सोय नाही. राजधानी अक्रात गर्दीच्या बाजारात पाकीट मारले जाते, रात्री एकट्याने समुद्रकिनारी फिरू नये, आणि कोणी स्वस्तात सोने देऊ केले तर हात जोडून निघून जावे. सोन्याच्या आमिषाने फसलेले दोन भारतीय व्यापारी मी स्वतः पाहिले आहेत, दोघेही स्वतःला फार हुशार समजत. खरी जोखीम उत्तर सीमेवर आहे. बुर्किना फासोमधला सशस्त्र उच्छाद आणि घानातच बावकू परिसरात २०२१ पासून पुन्हा पेटलेला गादीचा वाद यांमुळे अगदी उत्तरेचा पट्टा सहलीतून वगळावा. आपल्या कार्यक्रमात तो मुळीच येत नाही.

जीवाला खरा धोका कशाचा, असे विचाराल तर डासांच्या खालोखाल मी रस्त्याचे नाव घेईन. अक्रा ते कुमासी अंतर सुमारे २५० किलोमीटर, पण पाच-सहा तास धरून चालावे. अक्रा ते केप कोस्ट सुमारे १५० किलोमीटर, आणि वाटेत कासोआच्या कोंडीत एक तास सहज जातो. दिव्यांविना उभे असलेले ट्रक, ओव्हरटेक करणाऱ्या मिनीबस आणि मधेच उगवणारे खड्डे हे चित्र आपल्याला नवे नाही, परंतु रात्री त्यात पडू नये. एका गटासाठी मी ठरवलेल्या गाडीवाल्याने ‘फक्त दोन तास’ म्हणून अंधारात गाडी हाकली, पंखापट्टा तुटला आणि आम्ही नऊ जण जंगलातल्या रस्त्यावर मध्यरात्रीपर्यंत बसून राहिलो. काही झाले नाही. त्या दिवसापासून सूर्यास्तानंतर गाडी नाही, हा नियम मी करारातच लिहून घेतो. अक्रा-कुमासी विमान उपलब्ध असते, आपल्या वयात तेच घ्यावे. केप कोस्टहून रस्त्याने कुमासीला गेल्यास प्रा नदी लागते. बेकायदा सोनेखाणींनी, ज्यांना तेथे ‘गालाम्से’ म्हणतात, तिचे पाणी अक्षरशः चहाच्या रंगाचे केले आहे, आणि गाडीचा चालक पुलावर आला, की न विचारताच तो विषय काढतो. समुद्रातही पोहू नये. गिनीच्या आखाताचा ओढा आपल्या कोकण किनाऱ्यापेक्षा फसवा आहे.

वैद्यकीय सोय अक्रात बरी आहे, बाहेर ती झपाट्याने विरळ होत जाते. म्हणून विमा घेताना रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात आहे का आणि आपले आधीचे आजार धरले आहेत का, हे लेखी विचारावे.

खर्चाच्या बाबतीत भाबडेपणा नको. मुंबईहून अक्राला थेट विमान नाही, अदिस अबाबा, दुबई किंवा नैरोबीमार्गे जावे लागते, आणि वाटेतली प्रतीक्षा धरून पंधरा-सोळा तास सहज लागतात. ‘आफ्रिका म्हणजे स्वस्त’ ही समजूत अक्राच्या पहिल्याच हॉटेलात गळून पडते. सेडीचा भाव बेभरवशाचा आहे. २०२२ च्या अखेरीस महागाई ५४ टक्क्यांपर्यंत गेली, देशाने परकी कर्जाचे हप्ते थांबवले, पुढे नाणेनिधीचे कर्ज घ्यावे लागले, आणि २०२५ च्या मध्याला तोच सेडी डॉलरसमोर झपाट्याने वधारला. त्यामुळे सहा महिन्यांपूर्वीच्या प्रवाशाने सांगितलेले दर प्रमाण मानू नयेत. नव्या, न दुमडलेल्या डॉलरच्या नोटा न्याव्यात आणि बदल बँकेत किंवा परवानाधारक दुकानात करावा. मुलाकडे मोबाइल मनी असेलच, भाजीवालीपासून टॅक्सीपर्यंत तेच चालते. आपल्याला राहण्याचा खर्च नाही, ही आपल्या पारड्यातली मोठी जमेची गोष्ट आहे. व्हिसा आधी घ्यावा लागतो. मुलाचे निमंत्रणपत्र आणि त्याच्या निवासाची कागदपत्रे लागतील. अर्जाची पद्धत बदलत असते, म्हणून ती घानाच्या दिल्लीतील उच्चायुक्तालयाकडून ताजी माहीत करून घ्यावी आणि दोन महिने हाताशी ठेवावेत.

यावरूनच चार देशांच्या सहलीचे उत्तर मिळते. त्या देशांच्या नागरिकांना आपापसांत मुक्त संचार आहे, भारतीय पासपोर्टला नाही. म्हणजे चार निराळे परवाने, सीमांवर तासन् तास रांगा, आणि पाहिले काय म्हणाल तर गाडीच्या काचेतून रस्ता. ती सहल आखणाऱ्याने नकाशा पाहिला असेल, रस्ता पाहिलेला नाही.

डिसेंबर टाळा म्हटले त्याची दोन कारणे आहेत. अमेरिका आणि ब्रिटनमधले घानावंशीय त्या महिन्यात मोठ्या संख्येने येतात, हॉटेले आणि विमाने महागतात, रस्ते तुंबतात. त्याच सुमारास सहाराकडून हरमटान हा कोरडा, धुळीचा वारा सुरू होतो, ओठ फुटतात, घसा धरतो, दम्याच्या माणसाचे हाल होतात आणि समुद्र करड्या पडद्याआड जातो. वारा पुढेही काही आठवडे असतो, तरी जानेवारीच्या उत्तरार्धापासून गर्दी आणि दर दोन्ही उतरतात. दक्षिणेत एप्रिल ते जून मोठा पाऊस असतो. ऑगस्ट थंड आणि बराचसा कोरडा असतो, सवड असल्यास तोही चांगला.

शाकाहाराचा प्रश्न सुटण्यासारखा आहे, पण गाफील राहून चालणार नाही. मांस नको म्हटले, की मासे चालतात असे तेथे गृहीत धरतात, आणि आपल्याकडे सोडे किंवा सुकट घालतात तसे वाळवलेले मासे आणि कोळंबीची पूड चवीसाठी कशातही पडते. ‘शितो’ ही काळी तिखट चटणी हमखास तशी असते. कोन्तोमिरे म्हणजे आपल्या अळूच्या भाजीचीच बहीण, पण तीत बहुधा धुरावलेला मासा असतो. चवळीची पाम तेलातली उसळ आणि तळलेले पिकले राजेळी केळे यांच्या जोडीला ‘रेड रेड’ म्हणतात, तो आपला आधार. तरी मासा नाही ना, हे विचारूनच घ्यावी. आले-मिरची लावून तळलेली केळी, ‘केलेवेले’, मला कोणत्याही भज्यापेक्षा आवडतात. अक्रात भारतीय वाणसामान सहज मिळते, कारण सिंधी व्यापारी तेथे कित्येक दशकांपासून आहेत. भाकरीचे पीठ मात्र घरून न्यावे. कुमासीच्या दोन दिवसांसाठी थालीपिठाची भाजणी पुरेशी. विजेची तीन चौकोनी पायांची ब्रिटिश पद्धतीची पिन लागते, तिचा ॲडॅप्टर येथूनच घ्यावा. भारनियमनाला तेथे ‘डुमसोर’ म्हणजे ‘बंद-चालू’ असा शब्द आहे, तो आपल्याला लगेच पाठ होईल.

आता थोडे कडू बोलतो. भारतीय प्रवासी घानात वागतो कसा, हाही तोट्याच्या बाजूचा विषय आहे, फक्त तो तोटा त्यांचा असतो. मोठ्याने मराठीत किंवा हिंदीत रंगावरून बोलणे, नोकराला हाक मारावी तशी वेटरला हाक मारणे, न विचारता बायका-मुलांचे फोटो काढणे, हे मी आपल्या सुशिक्षित माणसांकडून पाहिले आहे. भाषा कळत नसली तरी सूर कळतो. अक्रातल्या लेगॉन येथील घाना विद्यापीठात २०१६ साली राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते गांधीजींचा पुतळा उभा राहिला आणि २०१८ साली तो हलवावा लागला, कारण दक्षिण आफ्रिकेतल्या त्यांच्या सुरुवातीच्या लेखनातील कृष्णवर्णीयांविषयीच्या उद्गारांवर प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी आक्षेप घेतला. कोणी हा विषय काढल्यास वाद घालू नये, ऐकून घ्यावे. त्याच शहरात घानाचेच सुपुत्र असलेल्या स्वामी घनानंद सरस्वती यांनी १९७५ साली स्थापलेला हिंदू मठ आहे. स्वामीजी २०१६ साली वारले, पण आरतीला आफ्रिकन भक्त जमतात. जमल्यास एका संध्याकाळी तेथे जाऊन बसावे.

पंधरा दिवसांची विभागणी मी अशी करीन. पहिले तीन दिवस टेमातच, झोप आणि पोट जागेवर येईपर्यंत. आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या या गावातून शून्य रेखांश जातो, तो मुलगा दाखवीलच. अक्राकडे जाताना किनाऱ्याच्या रस्त्यावर तेशी लागते. तेथल्या सुतारांच्या पडव्यांत मासा, कोकोची शेंग, विमान, मर्सिडीज अशा आकारांच्या शवपेट्या रंगवून ठेवलेल्या असतात, ज्याचा जो धंदा तसा त्याचा शेवटचा प्रवास. पाहायला थांबले तर सुतार आनंदाने दाखवतो, परवानगी घेऊन फोटो काढू देतो आणि थोडी बक्षिसी अपेक्षितो. मग केप कोस्टला तीन रात्री, त्यात एल्मिना आणि, गुडघे साथ देत असतील तर, काकुम. एकाच दिवशी दोन्ही किल्ले पाहू नयेत, मन साथ देत नाही. परत टेमा, दोन दिवस विश्रांती, विमानाने कुमासीला तीन रात्री आणि शेवटचे दिवस आकोसोम्बोसाठी नि मुलासाठी.

आणखी एक तयारी घरूनच करावी. अकान लोकांत मुलाचे नाव जन्मवारावरून ठेवतात. शनिवारी जन्मलेला क्वामे आणि जन्मलेली आमा, शुक्रवारचा कोफी आणि आफुआ, गुरुवारचा याव आणि या, बुधवारचा क्वाकू आणि आकुआ, मंगळवारचा क्वाबेना आणि आबेना, सोमवारचा क्वाजो आणि आजोआ, रविवारचा क्वासी आणि आकोसुआ. घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा शनिवारचे, संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान शुक्रवारचे. ओळख झाली, की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला आपला वार विचारतात, आणि पुढे त्याच नावाने हाक मारतात. मला वेंचीत अठरा वर्षे सगळे याव म्हणतात. आपल्या पत्रिका काढून दोघांचे वार पाहून ठेवावेत.